पडद्यामागचा आवाज

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी स्पीकर घ्यायचा आहे, असे समजा. दुकानात दोन स्पीकर शेजारी शेजारी मांडलेले आहेत. एक लहानसा, प्लॅस्टिकच्या खोक्यातला. दुसरा उंच, गुळगुळीत लाकडी पेटीचा आणि पहिल्याच्या चौपट किमतीचा. दुकानदार दोन्हींवर तेच गाणे वाजवून दाखवतो. मोठ्या स्पीकरचा आवाज आपल्याला अधिक भरदार, अधिक मोकळा वाटतो. तो खरोखरच तसा असतो का? की पेटी, किंमत आणि दुकानदाराचा चेहरा यांनी मिळून आपल्याला तसे ऐकायला लावलेले असते?

प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. टेबलाची लांबी मोजायला फूटपट्टी असते, ताप मोजायला तापमापक असतो. स्पीकरमधून कोणत्या कंप्रतेचा आवाज किती बाहेर पडतो हेही उपकरणांनी मोजता येते. पण तो ‘चांगला’ वाटतो की नाही हे शेवटी माणसालाच विचारावे लागते. म्हणजे इथे मापनयंत्र आहे माणूस. आणि विज्ञानाचा पहिला नियम असा की, कोणतेही मापनयंत्र वापरण्यापूर्वी त्यातील त्रुटी ओळखून घ्याव्यात.

ऐकणे हे एकट्या कानांचे काम नाही

१९७६ साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडॉनल्ड या दोन ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली. चित्रफितीवर एक व्यक्ती ‘ग’ असा उच्चार करताना दिसते, पण तिच्यावर आवाज जोडलेला आहे ‘ब’चा. पाहणाऱ्या बहुतेक प्रौढांना यापैकी काहीच ऐकू येत नाही. त्यांना ऐकू येतो ‘द’सारखा तिसराच उच्चार! डोळे मिटले की लगेच ‘ब’ स्पष्ट ऐकू येतो. डोळे उघडले की पुन्हा ‘द’. ही युक्ती माहीत असलेल्या माणसालाही हा भास टाळता येत नाही.

याचा अर्थ असा की कानांनी आणलेली माहिती, डोळ्यांनी आणलेली माहिती आणि आधीपासून मनात असलेली अपेक्षा या साऱ्यांचा मेळ घालून मेंदू ‘ऐकू आलेले’ तयार करतो. म्हणूनच महागडा स्पीकर अधिक गोड वाटला असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याला तो खरोखरच अधिक गोड ऐकू आलेला असतो. प्रश्न एवढाच आहे की तो गोडवा स्पीकरमधून आला की त्याच्या मनातून.

हे वेगळे करण्याचा उपाय अगदी साधा आहे. स्पीकर पडद्यामागे ठेवायचे आणि कोणता वाजतो आहे ते ऐकणाऱ्याला कळू द्यायचे नाही. अशा चाचणीला ‘अंध चाचणी’ म्हणतात. यात झाकलेली असते ती दृष्टी नव्हे, तर ओळख.

१९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी अमेरिकेतील हर्मन या कंपनीत हा प्रयोग केला. चार स्पीकर आणि चाळीस श्रोते. श्रोते सारे त्याच कंपनीतील कर्मचारी. प्रत्येकाने स्पीकरना दोनदा गुण दिले, एकदा स्पीकर पडद्यामागे असताना आणि एकदा समोर दिसत असताना. एक संच लहान, स्वस्त, प्लॅस्टिकच्या पेट्यांचा होता. पडद्यामागून तो मोठ्या स्पीकरांच्या बरोबरीने उभा राहिला. समोर दिसू लागताच त्याचे गुण घसरले आणि मोठ्या, देखण्या स्पीकरांचे वाढले.

त्याहून बोलकी गोष्ट पुढे आहे. स्पीकर खोलीत कुठे ठेवला आहे यावर त्याचा आवाज बराच अवलंबून असतो. कोपऱ्यात सरकवला तर खालचे सूर घुमू लागतात. पडदा असताना श्रोत्यांच्या गुणांत जागेमुळे होणारा हा बदल नीट उमटला. पडदा काढल्यावर तो पुष्कळसा पुसला गेला. म्हणजे ओळख पटल्यावर श्रोत्यांच्या गुणांत नसलेला फरक तर आलाच, शिवाय असलेला फरक त्यांना कमी जाणवू लागला. आणि अनुभवी श्रोतेही यातून सुटले नाहीत.

एडिसनची परीक्षा

पण केवळ दृष्टी झाकली म्हणजे चाचणी निर्दोष झाली, असे मात्र नाही. याचे उत्तम उदाहरण फार जुने आहे. १९१५ पासून पुढे सुमारे दहा वर्षे थॉमस एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत गावोगावी ‘स्वरपरीक्षा’ भरवल्या. रंगमंचावर एडिसनचा फोनोग्राफ आणि त्याच्या शेजारी प्रत्यक्ष गायिका. दोघे आळीपाळीने तेच गाणे गात. मग सभागृहात अंधार केला जाई. गाणे चालूच राही. दिवे लागले की दिसे, गायिका केव्हाच निघून गेली आहे आणि गात आहे ते यंत्र! प्रेक्षक थक्क होत.

त्या काळच्या फोनोग्राफची खरखर आज आपल्याला लगेच ओळखू येते. मग तेव्हाचे श्रोते कसे फसले? एक कारण म्हणजे तुलनेसाठी याहून चांगले ध्वनिमुद्रण त्यांनी कधी ऐकलेच नव्हते. दुसरे कारण अ‍ॅना केस या गायिकेने पुष्कळ वर्षांनी, १९७२ साली सांगितले. कार्यक्रमात ती आपला आवाज यंत्राच्या आवाजासारखा करून गात असे. यंत्र माणसासारखे गात नव्हते. माणूस यंत्रासारखा गात होता.

इथे प्रेक्षकांपासून उत्तर लपवलेले होते, पण गाणारीपासून नव्हते. परीक्षा घेणाऱ्याला उत्तर माहीत असले की काय होते याचा धडा त्याच सुमारास बर्लिनमधील एका घोड्यानेही दिला होता. ‘हुशार हान्स’ नावाचा हा घोडा बेरजा-वजाबाक्या करून खुराने तितके ठोके देई. १९०७ साली ऑस्कर फुंगस्ट याने दाखवून दिले की, प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोडाही चुकतो. योग्य ठोक्याला विचारणाऱ्याच्या मानेची जी बारीकशी हालचाल नकळत होई, ती पाहून हान्स थांबत असे. विचारणाऱ्याच्या मनात फसवण्याचा हेतू नव्हता, तरीही उत्तर फुटत होते.

म्हणून चांगल्या चाचणीत ऐकणाऱ्यालाही उत्तर माहीत नसते आणि त्याच्याशी बोलणाऱ्यालाही नसते. हिला ‘दुहेरी अंध चाचणी’ म्हणतात. नवीन औषधांच्या परीक्षणात हीच पद्धत वापरतात.

अ, ब आणि क्ष

दोन उपकरणांत ऐकू येण्याजोगा फरक आहे की नाही एवढेच ठरवायचे असेल, तर एक सुटसुटीत पद्धत आहे. तिचे बीज बेल प्रयोगशाळेतील मन्सन आणि गार्डनर यांच्या १९५० सालच्या लेखात सापडते. १९८२ साली डेव्हिड क्लार्क यांनी ध्वनिअभियंत्यांच्या नियतकालिकात त्यासाठी बनवलेल्या दुहेरी अंध यंत्राचे वर्णन केले, तेव्हापासून ती विशेष रूढ झाली.

ऐकणाऱ्यासमोर तीन बटणे असतात. ‘अ’ दाबले की पहिला अ‍ॅम्प्लिफायर जोडला जातो, ‘ब’ दाबले की दुसरा. ‘क्ष’ दाबले की या दोहोंपैकी एक. पण कोणता ते यंत्राने स्वतःच, नाणे उडवल्यासारखे, ठरवलेले असते. श्रोत्याने हवा तितका वेळ, हवे तितक्या वेळा तिन्ही ऐकावेत आणि सांगावे, ‘क्ष’ म्हणजे अ की ब? मग यंत्र पुन्हा नव्याने ‘क्ष’ ठरवते आणि दुसरी फेरी सुरू होते. कोणता आवाज चांगला, कोणता आवडला, हे इथे विचारलेलेच नाही. फरक ऐकू येत असेल तर ओळखून दाखवा, एवढीच मागणी आहे.

यात तीन पथ्ये पाळावी लागतात.

पहिले पथ्य, दोन्हींची पातळी सारखी हवी. मोठ्या आवाजात आपल्या कानांना खालचे आणि अगदी वरचे सूर तुलनेने अधिक चांगले ऐकू येतात. त्यामुळे आवाज किंचित वाढला तरी तो ‘मोठा’ न वाटता ‘भरदार’ किंवा ‘स्पष्ट’ वाटतो. दुकानात एखादा स्पीकर जरासा चढवून वाजवला की तो बाजी मारतो, तो यामुळेच. चाचणीत हा फरक ०.१ डेसिबेलच्या आत आणतात. म्हणजे स्पीकरच्या तारांवरील व्होल्टेजमधील फरक साधारण एक टक्का! हे काम कानांनी होत नाही; व्होल्टमीटरच लागतो.

दुसरे, अदलाबदल चटकन व्हावी. गाण्याची चाल आपल्याला वर्षानुवर्षे आठवते, पण आवाजाचा बारीक पोत काही सेकंदांतच स्मृतीतून पुसट होतो. तारा काढून जोडण्यात पाच मिनिटे गेली, तर आपण तुलना करतो ती आवाजाशी नव्हे, आवाजाविषयी मनात केलेल्या टिपणाशी.

तिसरे, दुसरी कोणतीही खूण मिळता कामा नये. बटणाचा वेगळा खट्ट आवाज, एका उपकरणाची मंद गुणगुण, एवढेही उत्तर फोडायला पुरते.

नाणे काय म्हणते?

आता गणिताकडे वळू. समजा, एका श्रोत्याने दहापैकी सात वेळा बरोबर ओळखले. त्याला फरक ऐकू आला असे म्हणायचे का?

डोळे मिटून नाणे उडवत उत्तरे दिली तरी निम्मी बरोबर येणारच. दहा फेऱ्यांत उत्तरांचे एकूण २¹⁰ म्हणजे १०२४ क्रम संभवतात. त्यांपैकी सात किंवा अधिक बरोबर असलेले क्रम आहेत १७६. म्हणजे निव्वळ अंदाजाने असे यश मिळण्याची शक्यता १७ टक्के. दर सहा अंदाजपंचे श्रोत्यांमागे एकाला ते मिळेल. आठ किंवा अधिकसाठी ही शक्यता ५.५ टक्के होते, नऊ किंवा अधिकसाठी सुमारे १ टक्का. संशोधनात सहसा ५ टक्के ही सीमा धरतात. तेव्हा दहा फेऱ्यांत नऊ तरी बरोबर हवेत; सोळा फेऱ्या घेतल्या तर बारा (शक्यता ३.८ टक्के).

यात एक सापळा आहे. चाळीस मुलांच्या वर्गाने सोळा फेऱ्यांची चाचणी दिली आणि कोणालाच काही फरक ऐकू आला नाही, तरी ३.८ टक्क्यांच्या हिशेबाने एकदोन मुले बारा गुणांची पायरी ओलांडतीलच. त्या मुलांना ‘तीक्ष्ण कानांची’ म्हणून मिरवणे चूक ठरेल. योग्य मार्ग म्हणजे त्यांची चाचणी पुन्हा घेणे. खरोखर ऐकू येत असेल तर ती पुन्हा यशस्वी होतील.

‘फरक ओळखता आला नाही’ म्हणजे काय?

बॉस्टनमध्ये मेयर आणि मोरन या दोघांनी केलेला एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. सीडीपेक्षा अधिक सूक्ष्म अशा डिजिटल ध्वनिमुद्रिका त्यांनी निवडल्या. तोच आवाज एकदा थेट आणि एकदा साध्या सीडीच्या दर्जाला उतरवून त्यांनी श्रोत्यांना ऐकवला. एकूण ५५४ फेऱ्या झाल्या. उत्तरे बरोबर आली २७६, म्हणजे ४९.८ टक्के. नाणे उडवूनही याहून वेगळे काही आले नसते.

मग सिद्ध झाले का, की फरक ऐकू येतच नाही? इथे सावध राहायला हवे. समजा, एका श्रोत्याला फार बारीक फरक खरोखरच जाणवतो, इतका की तो १०० पैकी ६० वेळा बरोबर सांगू शकतो. त्याला सोळा फेऱ्या दिल्या तर बारा गुण मिळण्याची शक्यता किती? हिशेब केला तर जेमतेम १७ टक्के. म्हणजे सहापैकी पाच वेळा आपण त्याला ‘नापास’ करू, तेही त्याला फरक ऐकू येत असताना! चाचणी लहान आणि फरक बारीक असेल, तर ‘सापडला नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही.

२०१६ साली जोशुआ राइस यांनी याच विषयावरील अठरा प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली. बारा हजारांहून अधिक फेऱ्यांत बरोबर उत्तरांचे प्रमाण निघाले ५२.३ टक्के. निम्म्याहून जेमतेम वर. पण इतक्या फेऱ्यांत एवढाही फरक निव्वळ योगायोगाने पडणे जवळजवळ अशक्य आहे. आधी सराव दिलेल्या श्रोत्यांचे प्रमाण त्याहून चांगले होते. अशा एकत्रीकरणावर, त्यात कोणते प्रयोग घेतले यावर वाद होऊ शकतो आणि झालाही. मात्र दोन्ही निष्कर्ष एकमेकांच्या विरोधात आहेत असे समजण्याचे कारण नाही. फरक असलाच तर अतिशय लहान आहे, हे दोन्हींतून दिसते. ‘जमीन-अस्मानाचा फरक’ अशी जाहिरात करणाऱ्याला मात्र कोणताच आधार मिळत नाही.

सराव का महत्त्वाचा, याचे एक उदाहरण. डिजिटल आवाज कमी जागेत बसवण्याच्या पद्धती १९९० च्या सुमारास तयार होत होत्या, तेव्हा स्वीडिश रेडिओने जाणकार श्रोत्यांच्या मोठ्या अंध चाचण्या घेतल्या. त्यांतून पार झालेल्या एका पद्धतीचे ध्वनिमुद्रण बार्ट लोकँथी या अमेरिकन अभियंत्याने ऐकले आणि त्याला त्यात सुमारे १५०० हर्ट्झचा एक बारीक, नको असलेला सूर ऐकू आला. काय ऐकायचे ते सांगितल्यावर तो इतरांनाही ऐकू येऊ लागला. त्यामुळे चाचणी टाकाऊ ठरत नाही. श्रोत्यांना आधी शिकवावे लागते एवढे ठरते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९४ साली अशा चाचण्यांसाठी जी शिफारस केली, तिच्यात श्रोत्यांचा सराव हा एक आवश्यक टप्पा आहे. शिवाय तपासायच्या आवाजांत मूळ आवाजही गुपचूप ठेवलेला असतो. जो श्रोता मूळ आवाजालाच वारंवार कमी गुण देतो, त्याची उत्तरे बाजूला काढता येतात.

वर्गात करून पाहा

यासाठी महागडी साधने लागत नाहीत. एक मोबाइल किंवा संगणक, एक स्पीकर आणि एक पडदा पुरे.

१. तेच गाणे, त्याच स्पीकरवर, त्याच पातळीवर दोनदा वाजवा. मुलांना विचारा, ‘पहिल्या आणि दुसऱ्या आवाजात काय फरक वाटला?’ उत्तरे कागदावर लिहून घ्या. बरीच मुले फरक लिहितील. मग खरे काय ते सांगा आणि चर्चा करा. कोणाची थट्टा होणार नाही याची काळजी घ्या. मुद्दा आपल्या सर्वांच्या मेंदूचा आहे.

२. तेच गाणे दुसऱ्या वेळी एक पायरी मोठ्या आवाजात वाजवा. या वेळी विचारा, ‘कोणते चांगले?’ ‘कोणते मोठे?’ असे विचारू नका. किती मुलांनी फक्त ‘मोठे’ असे लिहिले ते मोजा.

३. आता खरी चाचणी. ऑडॅसिटीसारख्या मोफत संगणक-कार्यक्रमाने एका गाण्याची मूळ प्रत आणि बरीच आक्रसलेली, उदाहरणार्थ ६४ किलोबिटची, एमपी-थ्री प्रत तयार करा. टाळ, चिपळ्या किंवा टाळ्यांचा कडकडाट असलेले ध्वनिमुद्रण घ्या. असे तीक्ष्ण, तुटक आवाज आक्रसताना लवकर बिघडतात. आधी दोन्ही प्रती नावानिशी ऐकवून सराव द्या. मग पडद्यामागील एका मुलाने नाणे उडवून ‘क्ष’ ठरवावा, वहीत नोंदवावा आणि अ, ब, क्ष असे वाजवावे. दुसऱ्या मुलाने, ज्याला उत्तर माहीत नाही, फक्त फेरीचा क्रमांक पुकारावा. बाकीच्यांनी न बोलता, शेजाऱ्याकडे न पाहता उत्तर लिहावे. सोळा फेऱ्या घ्या. गुणांचा स्तंभालेख फळ्यावर काढा आणि त्याशेजारी सोळा नाणेफेकींचा आलेखही काढा. दोन आलेख शेजारी आले की संभाव्यतेचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना याहून मोठा प्रश्न घेता येईल. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिस येथे एकवीस व्हायोलिनवादकांना, जाड काळे चष्मे घालून, तीन जुनी जगप्रसिद्ध इटालियन व्हायोलिने आणि तीन नवी व्हायोलिने वाजवायला दिली होती. घरी न्यायला कोणते आवडेल, असे विचारल्यावर तेरा जणांनी नवे निवडले. जुन्या लाकडाच्या वासावरून ओळख पटू नये म्हणून हनुवटीच्या टेकूला अत्तर लावण्याचीही खबरदारी संशोधकांनी घेतली होती! मिरजेच्या तंबोऱ्यांवर असा प्रयोग करायचा झाला तर काय काय झाकावे लागेल? वास? वजन? हाताला लागणारे नक्षीकाम? विद्यार्थ्यांना यादी करू द्या. चाचणी आखणे म्हणजे काय हे त्या यादीतूनच समजेल.

शिक्षकांना ही पद्धत तशी परकी नाही. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचे नाव नसते. परीक्षक अप्रामाणिक असतात म्हणून हा नियम केलेला नाही. प्रामाणिक परीक्षकाच्याही मनात नाव वाचताच एक अपेक्षा तयार होते, आणि ती गुणांत उतरते. पहिल्या बाकावरच्या मुलाच्या निबंधातील चूक आपण ‘घाईत राहिली’ म्हणून सोडतो. शेवटच्या बाकावरच्या मुलाची तीच चूक लाल शाईने अधोरेखित होते. घटक चाचणीचे कागद तपासताना वरचा नावाचा कोपरा दुमडून ठेवावा आणि सगळे कागद संपल्यावरच उघडावा. एकदा करून पाहण्यासारखे आहे.